पैलवान टाइप

"आबा, माझं नाव कुठाय ह्याच्यात?"

यात्रा कमिटीचा माणूस तालमीच्या दाराशेजारी पोस्टर चिकटवून नुकताच गेला होता. खळ अजून ओली होती. मी सपाट्या मारून तशीच बाहेर आलेली, अंगाला घाम आणि माती, आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा वाचून झालं तरी नाव सापडेना.

वर लालभडक 'जंगी कुस्त्यांचे मैदान'. खाली जोड्या. एकेक नाव पंजाएवढ्या जाड अक्षरात, नावाआधी 'पै.', म्हणजे पैलवान, आणि नावाखाली बारीक टाइपात त्याचा वस्ताद, अमक्या वस्तादांचा पठ्ठा म्हणून. आमच्याकडं कुस्तीचं पोस्टर असंच असतं. पैलवान एकटा छापत नाहीत, त्याच्याखाली त्याला घडवणारा असतोच. आणि ह्या सगळ्याच्या तळाला, त्याच जाड अक्षरात, 'खास आकर्षण : महिलांची कुस्ती'. त्याखाली काही नाही. वीतभर कोरा कागद.

माझं टाळकंच फिरलं. गड्यांची कुस्ती म्हणजे नावं आणि बायकांची कुस्ती म्हणजे आकर्षण! सर्कशीतला हत्ती बरा, त्याचं तरी नाव सांगतात.

आबा म्हणजे माझे वडील, बाळकू वस्ताद रेडेकर. त्यांनीच मला आठव्या वर्षी मातीत उतरवलं. गाव हसलं, आजीनं दोन दिवस चूल पेटवली नाही, पण ह्या माणसानं कुणाला जुमानलं नाही. 'तालमीत तू पोरगी न्हाईस, पैलवान हाईस,' असं रोज म्हणायचे, आणि रोज पाठीत गुद्दा घालायचे. शहाण्णव साल होतं ते. मी एकोणीस वर्षांची. आजूबाजूच्या गावांत लढले होते, पण ती बारकी मैदानं, पोस्टर न छापणारी. ह्या वेळी आमच्याच गावची यात्रा, आणि कमिटीचे अध्यक्ष रामगोंडाकाका पाटील स्वतः येऊन म्हणाले होते, 'वैजयंताचं नाव जाड टाइपात घालतो.'

मला दुसरं काही नको होतं. इनाम नको, ढाल नको. तालमीत आबांचं जुनं पोस्टर काचेत लावलेलं होतं, 'पै. बाळकू रेडेकर', त्याच अक्षरात. शाळेत जायच्या आधी मी वाचायला शिकले ती त्या पोस्टरावर. ती अक्षरं मी बोटानं गिरवली होती. तसल्या अक्षरात माझं नाव भिंतीवर बघायचं, एवढीच माझी हौस होती, आणि ती आबांना ठाऊक होती.

आबांनी पोस्टराजवळ जाऊन बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "छापलं न्हाई म्हणून काय बिघडलं, वैजू? मातीला ठावं असतंय कोण लढलं ते."

"मातीला ठावं असून काय उपयोग? गावाला नको का ठावं व्हायला?"

"राग आवर."

"न्हाई आवरत! चला, आत्ताच्या आत्ता रामगोंडाकाकांस्नी इचारू."

आबा जरा घुटमळले. मग पटका डोक्याला गुंडाळून माझ्यासंगं निघाले.

रामगोंडाकाका देवळाच्या कट्ट्यावर पाच-सहा जणांत बसले होते, तोंडात पान. मी लांबूनच सुरुवात केली. "काका, शब्द द्यायचा तर पाळायची धमक ठेवावी माणसानं! बायकांची कुस्ती दाखवून गर्दी गोळा करायची आणि नाव घालायचं म्हटलं की हात कापतोय व्हय तुमचा?"

काका पान चघळायचे थांबले. माझ्याकडं नाही, आबांकडं बघायला लागले.

आणि मग आबा गरजले. तसा त्यांचा आवाज मी मैदानातसुद्धा ऐकला नव्हता. "माझ्या पोरीचं नाव काढायची हिंमत कुणाची झाली? सांगा की रामगोंडा! मूग गिळून बसलाईसा काय?"

काकांनी पान थुंकलं, तोंड पुसलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वस्ताद, तुम्ही इचारताय? बरं. प्रेसवाल्याची चूक असंल. थोडीच पोस्टरं गावात आल्यात, बाकीची त्याच्याकडंच हाईत. पण आता काय इलाज न्हाई."

मी त्यांना बांगड्या भरायला सांगितलं. खरंच सांगितलं, सगळ्यांसमोर. एवढं ऐकून घेणारा माणूस नव्हता तो. एका शब्दानं उलटून बोलला नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण राग आला की माझे कान बंद होतात. उलट परत येताना माझी छाती आबांच्या अभिमानानं भरून आली होती. म्हटलं, बाप असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी गडहिंग्लजला प्रेसवर गेले. आबांना सांगितलं नाही. म्हटलं, नाव छापूनच आणते आणि दाखवते.

प्रेस दुंडाप्पा मगदुमांचा. किडकिडीत माणूस, बनियनभर शाई, आणि आपल्या अक्षरांचा भलताच ताठा. मी कोण ते सांगितलं आणि चूक कशी केली म्हणून विचारलं, तर माझ्यावरच उखडले.

"चूक? माझी? अगं, माझ्या फर्म्याला, जुळवलेल्या पानाला, असं टक्कल पाडायला मला येड लागलंय व्हय? इकडं ये."

त्यांनी भिंतीकडचा मोठा खण ओढला. आत लाकडी ठोकळे होते, काळेकुळकुळीत, एकेक अक्षर तळहाताएवढं. "हा माझा पैलवान टाइप. आज्यानं शिसवीत कोरून घेतलाय. ह्याचा 'ज' बघ, कसा मांडी ठोकून उभा हाय. मान म्हणून न्हाईच ह्याला, डोक्याखाली थेट खांदं. सायकलीवरनं जाणाऱ्या माणसाला बी न थांबता वाचता येतोय. कुस्ती, तमाशा, सर्कस, बैलगाडीची शर्यत, बास! दुसरीकडं लावायचा न्हाई. एका मास्तरानं हट्टानं सत्यनारायणाच्या आमंत्रणाला लावाय लावला, तर लोकास्नी वाटलं पूजा झाल्यावर कुस्त्या हाईत."

आता तसली अक्षरं कॉम्प्युटरवर मिळतात. जुन्या वळणाची म्हणून पोरं केकच्या दुकानाला लावतात, चहाच्या टपरीला लावतात. तसली दिसली की मी थांबते, बघते. अंग आहे, पण रग नाही. मगदुमांच्या खणात होती ती अक्षरं हातात घेतली की वजन लागायचं. मी 'वै' उचलला आणि मला सोडवेना.

"मग एवढा जीव लावून जुळवलेलं नाव काढलं कुणी?" मी विचारलं.

"मी कशाला काढीन? पण काढलं ते बरंच झालं म्हणा. लग्नाच्या पोरीनं..." ते हसले. "तुझ्या पत्रिकेला असला टाइप लावला तर नवरा मांडवातनं पळून जाईल. म्हणून तर वस्तादांनी मोगरा टाइप पसंत केलाय."

"कसली पत्रिका?"

मगदुमांचं हसू तोंडावरच राहिलं. "तुला ठावं न्हाई?"

"काय ठावं न्हाई? सांगा सरळ."

"अगं, त्या दिवशी वस्ताद आलं हुतं. एका फेरीत दोन्ही कामं केली त्यांनी. आधी पोस्टरातनं तुझं नाव उचलाय लावलं. म्हणालं, इचलकरंजीच्या पाव्हण्यास्नी पोरीचं नाव भिंतीवर चालत न्हाई. तुझं उचललं तर समोरच्या पोरीचं एकटीचं काय ठेवायचं, म्हणून तिचं बी उचललं. कमिटीला मी सांगतो म्हणालं. मग पत्रिकेचा टाइप बघितला. यात्रा झाली की छापायची म्हणालं." आणि त्यांनी दुसऱ्या खणातून चिमटीत धरून एक बारकं अक्षर दाखवलं. हडकुळं, शेपटीला वेलबुट्टी, फुंकर मारली तर उडून जाईल असलं.

पाहुणे पंधरवड्यामागं येऊन पोहे खाऊन गेले होते. पोरगा काही वाईट नव्हता. पण मी हो म्हटलं नव्हतं, यात्रेनंतर सांगते म्हटलं होतं. आणि इथं माझ्या बापानं मला विचारण्याआधी माझ्या नावाचा टाइप बदलला होता.

त्यापेक्षा जास्त मला कट्टा सलला. 'माझ्या पोरीचं नाव काढायची हिंमत कुणाची झाली?' केवढा गरजला होता माझा बाप! रामगोंडाकाका त्याच्याकडं का बघत होते ते आता कळलं. त्या माणसानं बांगड्या भरायचं ऐकून घेतलं, पण माझ्या बापाची लाज राखली. आणि बाप शेजारी उभा राहून मला बोलू देत होता. कानाखाली जाळ निघावा तसं झालं मला. रडू आलं नाही. मी त्या वेळी रडले असते तर बरं झालं असतं, निदान मगदूम इतके घाबरले नसते.

"जुळवा माझं नाव," मी म्हटलं.

"वस्तादांनी हात जोडून सांगितलंय गं..."

"मी हात जोडत न्हाई. जुळवा म्हणून सांगते."

मगदूम डोकं खाजवायला लागले. "मशिनीवर दुसरी फेरी घ्यायची तर कमिटीचा हुकूम पायजे, ते मला जमणार न्हाई. पण अक्षरं काय कुणाच्या बापाची न्हाईत, माझी हाईत. आणि ती कोरी जागा माझ्या बी डोळ्यात खुपतीया." त्यांनी आवाज उतरवला. "जुळवून शाई लावून देतो. वर उरलेलं पोस्टर पालथं, त्याच्यावर फळी. दाब तुझा तू दे."

"कसा?"

"उभी राहा की फळीवर. पैलवान हाईस न्हवं?"

त्यांनी खण पालथे घालून दोन्ही नावं जुळवली. पै. वैजयंता रेडेकर. पै. शबाना मुजावर, मिरज. "तिचं बी घालायचं?" म्हणाले.

"मग मी काय हवेसंगं लढू? घाला."

शबानाच्या नावाखाली त्यांनी बारक्या टाइपात ओळ लावली, 'हसन वस्ताद यांची पठ्ठी'. मग माझ्या नावाखालच्या ओळीसाठी अक्षरांचे बारके खिळे उचलायला लागले. "बा... ळ... कू..."

"ती ओळ नको."

"आगं, रीत हाय. वस्तादाशिवाय पैलवान छापत्यात व्हय?"

"नको म्हटलं ना!"

त्यांनी उचललेले खिळे परत खणात टाकले. जमिनीवर ठोकळे मांडले, रूळ फिरवला, कागद पालथा घातला, फळी ठेवली. मी चपला काढून फळीवर चढले. पहिल्यांदा नुसती उभी राहिले, तर अर्धंच उमटलं. मग टाच दाबून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. कागद उचलला की माझं नाव. कुठं 'ज' फिका, कुठं शाई जास्त होऊन फासलेली, पण लांबून वाचता येईल असं. मगदूम कागद सरकवत होते, मी चढत होते, उतरत होते. पोटऱ्या भरून आल्या तरी थांबले नाही. प्रत्येक वेळी टाच दाबताना आबांचा तो गरजलेला आवाज कानात यायचा आणि मी आणखी जोरात दाबायची.

दुपार कलली तसा आबांच्या राजदूत फटफटीचा आवाज आला. कुणीतरी एस.टी. स्टँडवर मला बघून सांगितलं असावं. ते दारात आले. मी फळीवर होते.

"वैजू, खाली उतर."

"उतरले की मोगऱ्यात बसवणार तुम्ही मला. न्हाई उतरत."

आबांनी मगदुमांकडं बघितलं. मगदूम शाईच्या डब्यात तोंड घालून बसले.

"तुझ्या भल्यासाठी केलं."

"आणि काल कट्ट्यावर वरडलासा ते कुणाच्या भल्यासाठी? रामगोंडाकाकांस्नी मी बांगड्या भरा म्हटलं, आबा! तुम्ही शेजारी हुतासा. का बोलू दिलंसा मला?"

आबा डोक्यावरचा पटका सारखा करायला लागले.

"बोला की! कालचा आवाज कुठं गेला?"

"भिंतीवरच्या नावाखाली लोक थुंकत्यात, पोरी. मुतत्यात. बापाच्या काळजाला काय वाटत असंल..."

"तुमचं नाव त्याच भिंतीवर वीस वर्सं हुतं. तवा आज्याच्या काळजाला काय झालं न्हाई ते?"

"मी गडी हाय."

एवढंच म्हणाले. रोज पाठीत गुद्दा घालून 'तू पोरगी न्हाईस' म्हणणारा माणूस हे म्हणाला. आज माझ्या हाताखाली माझ्याच तालमीत पोरी तयार होतात, आबांना जाऊनही बरीच वर्षं झाली, आणि ते दोन शब्द आठवले की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात. लोक म्हणतात, जाऊ दे, जुन्या वळणाचा माणूस. का जाऊ दे? वळण जुनं होतं तर मला मातीत उतरवलं कशाला?

"लगीन मोडंल," आबा म्हणाले.

"मोडू दे."

दोरीवर वाळत घातलेल्या पोस्टरांपाशी ते गेले. एकाला हात न लावता वाचलं. माझं नाव वाचलं, शबानाचं वाचलं, शबानाच्या नावाखालची बारीक ओळ वाचली. मग पुन्हा माझ्या नावाखाली बघितलं. तिथं काही नव्हतं. बराच वेळ ते तिथंच बघत राहिले. मला वाटलं आता कानफटात बसणार. बसली असती तरी मी उतरले नसते.

ते वळले आणि बाहेर गेले. राजदूतला किक मारल्याचा आवाज आला.

ती पोस्टरं मी रामगोंडाकाकांच्या दारात नेऊन टाकली. पाया पडून माफी मागितली. काका एवढंच म्हणाले, "नाव ठळक आलंय," आणि लावायला माणसं पाठवली. कुस्तीच्या आदल्या दिवशी इचलकरंजीचा निरोप आला, आम्हाला जमणार नाही. आई रडली. आबा जेवले आणि तालमीत जाऊन झोपले.

मैदानाला शेजारच्या गावांतून माणूस लोटला होता. हलगी वाजत होती. निवेदक साताऱ्याकडचा, पैसे देऊन आणलेला, हातात आमचं पोस्टर धरून नावं पुकारायचा. 'पैलवान वैजयंता रेडेकर!' म्हणून त्यानं आरोळी दिली तेव्हा कडेची पोरं आधीपासूनच 'वैजयंता! वैजयंता!' ओरडत होती. भिंतीवर वाचून आली होती ती. मैदानात उतरताना वस्तादाच्या पाया पडायचं असतं. आबा कडेलाच बसले होते. मी माती कपाळाला लावली आणि सरळ आत गेले.

शबाना ताकदीची होती. सुरुवातीलाच तिनं मला खाली घेतलं आणि मानेवर गुडघा दिला, मला वाटलं संपलं आता. पण तिनं पकड बदलायला हात सैल केला आणि मला घिस्सा डाव मिळाला. पाठ लागली तिची. मैदान उठून उभं राहिलं.

रामगोंडाकाका ढाल घेऊन आले. दुसऱ्या हातात गुलाबी फेटा. जिंकलेल्या पैलवानाच्या वस्तादाला मैदानातच फेटा बांधायची आमच्याकडं रीत आहे. निवेदकानं पोस्टरात बघितलं, उलटंसुलटं केलं.

"हिच्या नावाखाली वस्ताद छापल्यालं न्हाई," तो माइकात म्हणाला. "वस्ताद कोण, मंडळी?"

दोघंतिघं ओरडले, "बाळकू वस्ताद!"

त्यानं हात वर केला. "गावानं न्हाई, पैलवानानं सांगायचं. सांग बाळ, तुझा वस्ताद कोण? त्यांनी पुढं यावं." आणि माइक माझ्या तोंडाशी धरला.

आबा समोरच होते. एक हात मातीवर टेकून ते अर्धे उठले होते. डोक्याचा पटका काढून त्यांनी काखेत धरला होता. रामगोंडाकाका माझ्याकडं बघत होते.

"छापलं न्हाई म्हणून काय बिघडलं?" मी आबांकडं बघत म्हटलं. "मातीला ठावं हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, पोरगी मातीलाच वस्ताद म्हणतेय. निवेदकाला तर ते फारच आवडलं. "वा रं वाघिणी! माती हाच वस्ताद!" म्हणून त्यानं पुन्हा पुन्हा पुकारलं, आणि काकांच्या हातातला फेटा घेऊन माझ्याच डोक्याला बांधला. हलगी परत सुरू झाली.

आबा तसेच हळूहळू खाली बसले, आणि तळहाताला लागलेली माती झटकत राहिले.